शिक्षा संपली, आता त्याला पाठवा: गृह विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, महाराष्ट्र शासन
आणि केंद्रीय गृह मंत्रालय, नवी दिल्ली

विषय: शिक्षा भोगून झालेल्या परदेशी नागरिकांना वेळेत, रीतसर आणि घरच्यांना कळवून मायदेशी पाठवण्याबाबत

साहेब, सादर नमस्कार.

आधीच स्पष्ट लिहिते, हे पत्र कुणाला सोडवून आणायला नाहीये. माझा नवरा परदेशी नागरिक आहे, पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाचा. इथल्या कोर्टाने त्याला फसवणुकीच्या केसमध्ये दोषी धरलं, शिक्षा सुनावली, ती त्याने पूर्ण भोगली. आम्ही अपील केलं नाही. शिक्षा झाल्यावर त्याला त्याच्या देशात परत पाठवायचं असं सरकारने ठरवलंय आणि तेही मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की मग पाठवा ना. दिवाळीच्या आधी शिक्षा संपली, आता आंबे संपत आले, आणि तो माणूस अजून एका खोलीत बंद आहे. कोणत्या गुन्ह्यासाठी बंद आहे हे विचारलं तर कुणाकडे उत्तर नाही, कारण गुन्ह्याचा हिशेब कधीच पूर्ण झालाय.

गेल्या आठवड्यात मला तोंडी सांगितलं की फाईल दिल्लीला आहे, कागद आले की घेऊन जातील, घरच्यांना तारीख कळवायची काही पद्धत नाही. तेव्हा ठरवलं की आता अर्ज पुरे, हे सगळ्यांनी वाचलं पाहिजे.

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी कोपरखैरणेची. वडील माथाडी, मूळ गाव सातारा जिल्ह्यात, आधी मशीद बंदरला आणि मार्केट इकडे वाशीला आल्यावर एपीएमसीत त्यांनी आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली. मी तुर्भ्याला एका गारमेंट युनिटमध्ये चेकिंगला आहे. तिथेच नवऱ्याची ओळख झाली, तो बिझनेस व्हिसावर यायचा, लहान मुलांचे कपडे घाऊक घेऊन तिकडे पाठवायचा. आमचं लग्न स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली झालं, तीस दिवस नोटीस बोर्डावर लागली होती, सगळ्या भावकीला कळलं, लपवून काहीच केलेलं नाही. मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकते.

आता गुन्ह्याबद्दल. माझ्या माणसाने केलं म्हणून मी ते लहान करून सांगणार नाही. तुमचं परदेशातून गिफ्ट आलंय, कस्टममध्ये अडकलंय, एवढे एवढे भरा, असे फोन करून लोकांना लुबाडणारी जी टोळी होती तिला याने आपलं बँक खातं वापरायला दिलं आणि त्यावर कमिशन घेतलं. कोर्टात ते शाबित झालं. डोंबिवलीच्या एका ताईंनी निवृत्तीनंतरची बरीच रक्कम त्यात घालवली. मी त्यांना कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिलंय आणि त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. शिक्षा योग्यच होती. पण साहेब, शिक्षा किती ते कोर्ट ठरवतं, आणि कोर्टाने जे ठरवलं त्याच्यापुढचे हे महिने कुणी ठरवले?

मला सगळ्यात जास्त राग येतो तो या गोष्टीचा की हा उशीर टाळणं अजिबात अवघड नव्हतं. कसं ते सांगते, कारण लोकांना वाटतं हे काहीतरी आंतरराष्ट्रीय पातळीवरचं मोठं त्रांगडं असतं, तसं नाहीये, एका पासपोर्टची गोष्ट आहे.

अटक झाली तेव्हा पोलिसांनी पासपोर्ट जप्त केला. तो मुद्देमाल म्हणून केसला लागला. केस चालू असताना त्याची मुदत संपली आणि व्हिसाही संपला. आतला माणूस व्हिसा वाढवायला कुठे जाणार? निकाल लागला, शिक्षा झाली, अंडरट्रायल म्हणून काढलेले दिवस शिक्षेत धरले गेले, म्हणजे सुटकेची तारीख निकालानंतर लगेच जेलच्या रजिस्टरमध्ये लिहिली गेली. प्रत्येक कैद्याची लिहितात. म्हणजे हा माणूस कोणत्या महिन्यात सुटणार, त्याच्याकडे चालू पासपोर्ट नाही, त्याला परत पाठवायला त्याच्या दूतावासाकडून तात्पुरता प्रवासाचा दाखला लागणार, हे सगळं सरकारला कितीतरी आधी माहीत होतं. त्या काळात एक पत्र गेलं असतं तर? गेलं नाही. पत्राची तयारी सुरू झाली ती त्याने जेलच्या बाहेर पाऊल टाकल्यावर.

आणि मग ती फिरवाफिरवी सुरू झाली. दूतावास म्हणतो मूळ पासपोर्ट दाखवा, ओळख पटू दे. पासपोर्ट कोर्टाच्या मुद्देमालात. तो मिळवायला कोर्टात अर्ज करायचा, पण अर्ज कुणी करायचा, पोलीस ठाण्याने की परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयाने, यावरच दोन महिने गेले असतील. एक म्हणणार त्यांनी मागवायचा, दुसरा म्हणणार यांनी पाठवायचा. शेवटी लीगल एडच्या वकील ताईंनी स्वतः अर्ज टाकून ऑर्डर घेतली. ऑर्डर झाली तर मुद्देमाल कारकून रजेवर. पासपोर्ट हातात आला तेव्हा कळलं की केसच्या वेळचं लुक आउट सर्क्युलर अजून उघडं आहे, म्हणजे याला विमानतळावर नेला असता तरी इमिग्रेशनच्या काउंटरवर परत अडवला असता. ते बंद करायला तपास अधिकाऱ्याचं पत्र हवं, तपास अधिकाऱ्यांची बदली झालेली. नवीन साहेबांनी केसपेपर वाचायला वेळ मागितला. मग सरकार पक्ष शिक्षा वाढवायला अपिलात जाणार आहे की नाही याचं लेखी हवं. ते आलं. मग राज्याकडून केंद्राला, तिथून परराष्ट्र मंत्रालयामार्फत दूतावासाला पत्र. दूतावासाने मुलाखत व्हिडिओ कॉलवर घेतो म्हटलं, तर ज्या खोलीत ठेवलंय तिथे व्हिडिओ कॉलची परवानगी कोण देणार याचं पत्र. यातलं एकही काम असं नाही की जे तो शिक्षा भोगत असताना झालं नसतं.

शिवाय दूतावासाला याची माहिती नव्हती असंही नाही. परदेशी माणसाला अटक झाली आणि त्याने मागणी केली तर त्याच्या वकिलातीला कळवायचं हे १९६३ च्या व्हिएन्ना करारातच आहे, आणि आमच्या केसमध्ये ते कळवलेलं कागदावर आहे. म्हणजे अटकेपासून तीन ठिकाणी माहिती होती, तिघांनी एकमेकांना फोन केला नाही एवढाच विषय.

वकील ताईंनी मला एकेक गोष्ट समजावली म्हणून आज मी हे लिहू शकतेय. त्यांनी सांगितलं की हा प्रश्न नवीन नाही. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यांना एक परिपत्रक पाठवलं होतं, बेकायदा राहणाऱ्या बांगलादेशींबद्दलचं, त्यात राष्ट्रीयत्वाची पडताळणी तीस दिवसांत करायची असं लिहिलंय. पश्चिम बंगालच्या तुरुंगांत शिक्षा संपूनही अडकून पडलेल्या अशा माणसांचं प्रकरण आधी कलकत्ता हायकोर्टात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला हेच परिपत्रक दाखवून विचारलं की शिक्षा संपल्यावर यांना अजून का ठेवलंय. त्याच्या पुढच्याच आठवड्यात आसामात ठेवलेल्या परदेशी लोकांच्या प्रकरणात तर कोर्टाने यांना पाठवायला मुहूर्ताची वाट बघताय का असं सुनावलं. त्याच्याही आधी, २०१२ साली, भीम सिंग यांच्या याचिकेवर कोर्टाने सांगितलं होतं की शिक्षा संपलेल्या परदेशी कैद्याला जेलमधून ताबडतोब बाहेर काढा आणि पाठवेपर्यंत योग्य ठिकाणी ठेवा, त्यावर मार्च २०१२ मध्ये केंद्राच्या सूचनाही निघाल्या. म्हणजे नियम आहेत, कोर्टाची बोलणी खाऊन झाली आहेत, परिपत्रकं आहेत. खाली टेबलावर कुणी ती उघडत नाही.

आता ज्या ठिकाणी ठेवलंय त्याबद्दल. मी ठिकाणाचं नाव लिहीत नाही, तिथल्या शिपायांचा काही दोष नाही, उलट त्यातल्या एक-दोघांनी माणुसकी दाखवली आहे. पण साहेब, जेल बरा होता असं म्हणायची वेळ आली. जेलमध्ये मुलाखतीचा वार ठरलेला होता, डॉक्टर होता, फोनची सोय होती, कँटीनला पैसे भरता यायचे, तक्रार लिहायला पेटी होती, महिन्यातून कधीतरी न्यायाधीश येऊन बघून जायचे. इथे काहीच ठरलेलं नाही. कारण कागदोपत्री तो कैदी नाही, त्यामुळे कैद्याचे नियम लागू नाहीत, आणि सुटलेलाही नाही. ड्युटीवर कोण आहे त्यावर भेट होणार की नाही ते ठरतं. एकदा मुलगी तिचं चित्र घेऊन आली होती, दारावरच्या साहेबांनी आज नाही म्हटलं, का नाही ते त्यांनाही माहीत नव्हतं. बीपीच्या गोळ्या मी पोचवते. मी नसते तर कोण पोचवलं असतं? ज्यांचं इथे कुणीच नाही त्यांचं काय होत असेल हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच खोलीत दुसऱ्या देशाचा एक मुलगा होता, विशीतला असेल, त्याला मराठी नाही, हिंदी नाही, इंग्रजीही जेमतेम, त्याला भेटायला कुणी यायचं नाही, मी डबा नेला की दोघांचा न्यायचे.

२०१९ च्या जानेवारीत केंद्राने सगळ्या राज्यांना डिटेन्शन सेंटरसाठी, म्हणजे परदेशी लोकांना पाठवेपर्यंत ठेवायच्या जागांसाठी, एक नमुना नियमावली पाठवली आहे. ही जागा जेलच्या आवारात नको, माणसांना सन्मानाने ठेवा, औषधपाणी, कुटुंबाची भेट, सगळं त्यात आहे. त्याच वर्षी नेरुळला असं केंद्र होणार म्हणून पेपरात बातम्या आल्या होत्या आणि केवढी चर्चा झाली होती. आणि आता १ सप्टेंबर २०२५ पासून नवीन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट लागू झालाय, १९४६ चा जुना फॉरेनर्स अ‍ॅक्ट आणि आणखी तीन कायदे गेले, नवीन कायद्याच्या आदेशात तर पाठवेपर्यंत ठेवायच्या जागांची तरतूद स्वतंत्र केली आहे. व्हिसा संपून राहिला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, खोटा पासपोर्ट असेल तर कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त सात. म्हणजे परदेशी माणसाने एक दिवस जास्त काढला तर त्याला काय होईल हे कायद्यात नीट लिहिलंय. सरकारने त्याला जास्त दिवस ठेवलं तर काय, याची मुदत मला कुठे सापडली नाही. वकील ताईंनाही नाही.

मला माहीत आहे की परदेशी माणसाला या देशात राहण्याचा हक्क नाही. १९५५ च्या हान्स मुलर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी माणसाला बाहेर काढायचा सरकारचा अधिकार पूर्ण आहे. १९९१ च्या लुई डी रेड्ट प्रकरणात परत तेच, इथे वस्ती करायचा हक्क फक्त नागरिकाचा. पण त्याच निकालात हेही आहे की घटनेचं कलम २१, जीविताचं आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं, परदेशी माणसालाही आहे. तिथे नागरिक असा शब्दच नाहीये, कोणतीही व्यक्ती असं आहे. काढून टाकायचा अधिकार तुमचा पूर्ण असेल, पण कोंडून ठेवायचा अधिकार तेवढाच पूर्ण आहे असं कुणी म्हटलेलं नाही.

लोक काय म्हणतील तेही मी ऐकत आलेय. आमच्या सोसायटीत मीटिंग झाली होती, असल्या लोकांना हाकलून द्या, यांच्यामुळे पोरं ड्रग्जला लागतात, वगैरे. खारघर, तळोजा, उलवे, इकडे ड्रग्जच्या धाडी पडतात, परदेशी लोक पकडले जातात, हे खरं आहे आणि आई म्हणून त्याची भीती मलाही आहे. माझ्या मुलीच्या शाळेबाहेर कुणी असलं काही विकत असेल तर त्याला एनडीपीएसखाली, म्हणजे ड्रग्जच्या कायद्याखाली, दहा वर्षं होवोत की वीस, मला त्याचं काही वाटणार नाही. पण सोसायटीतल्या त्या काकांना मी तेव्हाही विचारलं आणि आता सगळ्यांना विचारते. तुम्हाला तो जायला हवाय, मलाही तो जायला हवाय, त्याला स्वतःला जायचंय. सरकारही म्हणतंय जा. मग अडलंय कुठे? ज्यांना हाकलून द्या म्हणायचंय त्यांनी एकदा तरी विचारलंय का की शिक्षा संपलेल्यांच्या फाईली कुठे पडून आहेत? पहारा, जेवण, गाडी, सगळं तुमच्या-माझ्या करातून चालतंय.

आणि दुसऱ्या टोकाला काय चालतं तेही बघा. मागच्या वर्षी, म्हणजे जून २०२५ मध्ये, आपल्याच ठाणे जिल्ह्यात मीरा रोडला काम करणाऱ्या, पश्चिम बंगालमधून आलेल्या एका गवंड्याला बांगलादेशी ठरवून उचललं आणि सीमेपलीकडे ढकललं. त्याच्या घरच्यांनी कागद दाखवले, बंगाल सरकार मधे पडलं, तेव्हा त्याला परत आणावं लागलं. भारतीय माणूस, ना केस, ना कोर्ट, ना शिक्षा, आणि काही दिवसांत देशाबाहेर. इकडे ज्याचा देश कोणता यावर कुणाचाच वाद नाही, कोर्टाचा निकाल आहे, शिक्षा भोगून झाली आहे, तो महिनोनमहिने इथेच. जिथे चार वेळा तपासायला हवं तिथे घाई आणि जिथे सगळं तपासून झालंय तिथे ढिम्म. दोन्हीकडे एकच गोष्ट नाहीये, लेखी ऑर्डर आणि तिची प्रत. त्या गवंड्याच्या घरच्यांना कुणी आधी कळवलं नव्हतं आणि मलाही कळवणार नाहीत म्हणतात.

ऑर्डरवरून आठवलं. याला कोणत्या आदेशाने ठेवलंय त्याची प्रत मी लेखी मागितली. मिळाली नाही. पाठवल्यावर ब्लॅकलिस्टमध्ये नाव टाकणार हे तोंडी कळलं. किती वर्षांसाठी? पाच, दहा, कायमचं? सांगायला कुणी तयार नाही. मला हे का कळायला हवं ते सांगते. आमची मुलगी लहान आहे. मी इथली, माझी आई माझ्याकडे असते, तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तो परत कधीच येऊ शकणार नसेल तर मला मुलीला घेऊन तिकडे जायचं की नाही, आईचं काय, नोकरीचं काय, हे सगळं ठरवायचंय. आणि ठरावीक वर्षांनी त्याला अर्ज करता येणार असेल तर आमचं आयुष्य वेगळ्या तऱ्हेने आखता येईल. गुन्हा त्याने केला, मी नाही, मुलीने तर नाहीच. निदान आम्हाला पुढचं बघता यावं एवढं तरी लिहून द्या.

मुलीच्या कागदांचा वेगळाच घोर आहे. ३ डिसेंबर २००४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचा एक पालक भारतीय असला तरी दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित असेल तर मूल जन्माने भारतीय होत नाही, आणि व्हिसा संपून राहिलेला माणूसही त्या व्याख्येत बसतो. आमची मुलगी झाली तेव्हा तिच्या बाबांचा व्हिसा चालू होता, म्हणजे ती भारतीय आहे, यात शंका नाही. पण ते सिद्ध करायला त्या वेळचा व्हिसा लागतो आणि तो त्याच जुन्या पासपोर्टवर आहे, जो आता दूतावासाच्या फाईलला लागलाय. तो बाबांबरोबर गेला की माझ्याकडे पुरावा काय उरणार? मी त्या पानांची साक्षांकित प्रत मागितली. तपासातला कागद आहे, देता येत नाही असं उत्तर आलं. केस संपली, शिक्षा संपली, तपास कसला चालू आहे मला कळत नाही. उद्या तिचा पासपोर्ट काढायला गेले तर दोन्ही पालकांच्या सह्या मागतील, तो इथे बंद आहे तोवर त्याची सही तरी घेता येईल, पण फॉर्म आत न्यायलाही परवानगी लागते आणि ती कोण देतं ते ठरलेलं नाही.

आणि डोंबिवलीच्या त्या ताई. त्यांचं नाव मी इथे घेणार नाही, पण त्यांचा विषय मी या पत्रातून वगळला तर मला झोप लागणार नाही. नवऱ्याच्या त्या खात्यात जी रक्कम गोठवली होती ती अजून तशीच पडून आहे. निकालात ती तक्रारदाराला द्यायला सांगितलंय. बँक म्हणते पोलिसांचं पत्र हवं, पोलीस म्हणतात कोर्टाची प्रत आली नाही. आरोपी शिक्षा भोगून बसलाय, आता विमानाने निघूनही जाईल, आणि जिचे पैसे गेले ती अजून चकरा मारतेय. याला पाठवून टाकलं की ही फाईल बंद असं समजून कपाटात जाईल अशी मला भीती आहे. नवऱ्याने सही करून दिली आहे की त्या पैशांवर त्याचा काही हक्क नाही, तो कागद वकील ताईंकडे आहे, कधीही मागा.

आता मागण्या लिहिते. मला कायद्याची भाषा येत नाही, साध्या शब्दांत लिहिते.

१. परदेशी कैद्याला शिक्षा सुनावली की जेलने सुटकेची तारीख लगेच परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला आणि त्याच्या दूतावासाला कळवावी, आणि सुटकेच्या सहा महिने आधी प्रवासाचा दाखला, मुद्देमालातला पासपोर्ट, लुक आउट सर्क्युलर, अपिलाचं लेखी, हे सगळं पूर्ण करायला एक अधिकारी नावानिशी नेमावा. एकच. म्हणजे विचारायचं कुणाला ते कळेल.

२. शिक्षा संपल्यावर ठेवायची वेळ आलीच तर किती दिवस ते ठरवा. तीस दिवस परिपत्रकात आहेतच, तेच सगळ्यांना लावा. त्यात पाठवणं झालं नाही तर कोर्टापुढे उभं करा आणि का झालं नाही ते तिथे सांगा. ज्याचं इथे घर आहे, जामीनदार आहे, त्याला पोलिसांकडे हजेरी लावायच्या अटीवर घरी राहू द्यायचं की नाही ते कोर्टाला ठरवू द्या.

३. ठेवायच्या जागेला नियम हवेत आणि ते दारावर मराठी, हिंदी, इंग्रजीत लावलेले हवेत. भेटीचा वार, डॉक्टर, फोन. २०१९ ची नियमावली आहेच, नवीन काही लिहायची गरज नाही.

४. ठेवण्याचा आणि पाठवण्याचा आदेश लेखी द्या, त्याला समजेल अशा भाषेत द्या, आणि त्याला आपलं म्हणणं मांडायला संधी द्या. ब्लॅकलिस्ट केलं तर किती वर्षांसाठी आणि नाव काढण्यासाठी अर्ज कुठे, हे त्याच कागदावर असू द्या.

५. घरच्यांना तारीख किमान सात दिवस आधी कळवा. सुरक्षेचं कारण सांगतात. कपडे खरेदी करून विकणाऱ्या आणि कमिशनसाठी खातं देणाऱ्या माणसाला निरोप देताना मुलगी समोर असली तर देशाच्या सुरक्षेला काय होतं ते मला समजावून सांगा, पटलं तर मी ही मागणी मागे घेईन.

६. भारतीय जोडीदार आणि मुलं असतील तर जाण्याआधी त्याच्या पासपोर्ट-व्हिसाच्या पानांच्या साक्षांकित प्रती आणि मुलांच्या कागदांवरच्या सह्या पूर्ण करून घ्या.

७. तक्रारदाराचे पैसे परत मिळाल्याशिवाय फाईल बंद करू नका. पण पैसे अडलेत म्हणून माणसालाही अडवू नका, दोन्ही कामं वेगवेगळ्या टेबलांवर एकाच वेळी होऊ शकतात.

यातल्या पहिल्या मागणीला नवीन कायदा लागत नाही, पैसा लागत नाही, परवा सकाळी एक पत्रक काढलं तरी सुरू होईल. आज महाराष्ट्रातल्या जेलमध्ये जे परदेशी कैदी शिक्षा भोगतायत त्यांच्या सुटकेच्या तारखा तुमच्याकडे आत्ता आहेत. पुढच्या सहा महिन्यांत कोण कोण सुटणार याची यादी काढा आणि त्यांच्या दूतावासांना या आठवड्यात पत्रं पाठवा. माझ्या नवऱ्याला त्याचा उपयोग होणार नाही, तो उशीर होऊन गेला. त्याच्या खोलीतल्या त्या मुलासारखे जे पुढे येणार आहेत त्यांना होईल.

माझ्या नवऱ्याच्या बाबतीत मला तीनच उत्तरं लेखी हवी आहेत: त्याला कोणत्या आदेशाने ठेवलंय, कोणत्या तारखेला पाठवणार, आणि ब्लॅकलिस्ट किती वर्षांची. त्याचं तिकीट मी काढायला तयार आहे, पैसे बाजूला ठेवलेत, फक्त तारीख सांगा म्हणजे बुकिंग करता येईल. यासाठी दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत, मागितल्या तर घेऊन येईन, मंत्रालयात बोलावलंत तर युनिटमधून अर्धी रजा टाकून येईन.

आपली,
कोपरखैरणेची एक रहिवासी
(नाव व पत्ता अर्जांवर आहे. मुलगी शाळेत जाते म्हणून इथे देत नाही.)